पस्तीस की पंचाऐंशी

म्हापशाच्या बाजारामागे एक जिना आहे,
सुक्या बांगड्यांचा वास त्याच्या वरच्या पायरीपर्यंत येतो
आणि तिथे थांबतो.
आत कायतान मिनेझिसचं दुकान.
कपाटात चाळीस वॅटचा दिवा दिवसरात्र जळतो,
भिंगांना ऊब म्हणून.
'आमच्या हवेत, बाय, माणूस टिकतो. काच टिकत नाही.'

माझं जुनं झूम त्यानं दिव्यासमोर धरलं.
आत बुरशीनं खाडी काढली होती:
एक धार, तिचे फाटे, फाट्यांचे केस.
'साफ होईल?'
'होईल. पुन्हा येईल. तिनं घर पाहिलंय.'

पिशवीत एक लाख दहा हजार.
पेडण्याची सात लग्नं, एक मुंज,
आणि एक मयत, ज्याचे मी मागितले नव्हते.
एवढ्यात एक बॉडी येते आणि एकच भिंग.

पंचाऐंशी म्हणतं, मागे सर.
कुठे सरू?
आमच्या मांडवात तिसऱ्या पावलाला
पाठीला आचाऱ्याची चूल लागते.
पस्तीस म्हणतं, जवळ जा.
जवळ गेलं की नवरीच्या आईला माझा श्वास ऐकू जातो,
ती रडायची थांबते, पदर सारखा करते,
विचारते, जेवलीस का गो?
फोटो गेला.

कायतान म्हणाला, माझ्यावर बघ लावून.
आधी पंचाऐंशी.
डावा डोळा लख्ख, पापणीचा केसन् केस,
कान मात्र धुक्यात निघून गेलेला,
मागचं कॅलेंडर म्हणजे पिवळा डाग.
छान आला.
कुणाचाही आला असता इतका छान.

मग पस्तीस.
त्यात सगळं आलं, वाकडा पंखा, लॉटरीचं तिकीट,
उसवलेलं स्टूल, काउंटरवरचे दोन हात.
हात पुसट.
मला वाटलं मीच हलले. शटर वाढवलं.
सव्वाशेला एक. तरी पुसट.
'ते भिंगाचं नव्हे,' तो म्हणाला,
आणि हात खिशात घातले.

पंचवीस वर्षं फेस्तांची मिरवणूक त्यानं काढली.
आधी भिंगाखालचा हात गेला,
मग चमचा, मग बँकेतली सही.
हे सगळं त्यानं किमती सांगाव्यात तसं सांगितलं.

नवी बॉडी त्यानंच उघडली.
'हिच्यात सेन्सर तरंगता. होडीतल्या कंदिलासारखा.
हात इकडे गेला की तो तिकडे.
व्हिडिओला बघ किती...'
वाक्य तिथेच ठेवून तो खिडकीशी गेला,
माझं कार्ड घातलेलं, लाल ठिपका लागलेला.

मी त्याच्या खांद्यावरून पाहत होते.
मनगटं हलत होती, कोपरं हलत होती,
आणि पडद्यावर रस्ता उभा होता.
चोरिसांच्या माळा जिथल्या तिथे.
एक बाई अंगठा ओला करून नोटा मोजत होती,
शेवटच्या नोटेपर्यंत तिची बोटं दिसली.
गिऱ्हाईक आलं, बॅटरी मागून गेलं.
कायताननं वळून पाहिलं नाही.

मी घासाघीस करायला आले होते.
तीन हजार तरी सोडवायचे, असं ठरवून.
सोडवले नाहीत.
पस्तीस घेतलं.
का, ते नीट सांगता येणार नाही,
चूल अजून तिथेच आहे
आणि नवरीच्या आया अजून विचारतातच.

घरी कार्ड लावलं.
चार मिनिटं, अकरा सेकंद.
चित्र जवळजवळ हलत नाही.
पण माइकनं पट्ट्याची कडी धरलीय,
बॉडीवर वाजत राहिलेली,
टिक टिक टिक टिक,
शेवटपर्यंत.

डिचोलीच्या लग्नाला जागा लागेल. कार्ड भरत आलंय.
मी दुसरं विकत घेतलं.